८०० पेशींची भूक

२०११ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात स्कॉट स्टर्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत प्रकाश सोडला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तिथल्या 'एजीआरपी' या जातीच्या चेतापेशी प्रकाश पडताच चेतवल्या जातील, अशी जनुकीय सोय आधीच केलेली होती. काही मिनिटांत उंदीर अधाशासारखे खाऊ लागले. हे घडायला पुरेशा ठरलेल्या पेशी होत्या फक्त ८००. उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी असतात. म्हणजे साधारण ९० हजारांतली एक पेशी चेतवली आणि सबंध प्राणी अन्नावर तुटून पडला.

उलट दिशेचा प्रयोग त्याआधी, २००५ मध्ये, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रिचर्ड पामिटर यांच्या गटाने केला होता. प्रौढ उंदरांच्या मेंदूतल्या याच जातीच्या पेशी त्यांनी नष्ट केल्या. समोर अन्न असूनही उंदरांचे खाणे जवळजवळ थांबले आणि ते उपासमारीने खंगत गेले.

भूक इतक्या थोड्या पेशींच्या हालचालीवर बदलते, आणि तिला लगाम घालण्याची अपेक्षा मात्र आपण माणसाच्या निश्चयाकडून करतो. मनोविकार असलेल्यांकडून तर जास्तच. औषध सुरू झाल्यावर वजन वाढलेल्या मुलाला 'जरा तोंड आवर' असे ऐकवले जाते. अन्नावरची वासना उडालेल्या मुलीला 'दोन घास खाल्लेस तर काय बिघडेल' असे विचारले जाते. बोलणारे मायेनेच बोलतात, पण दोन्ही वाक्यांमागे समजूत एकच: मनात आणले की जमते. या समजुतीने आजारी माणसाच्या दुखण्यात अपराधाची भर पडते, म्हणून तिच्याबद्दल मला राग आहे. मेंदू, भूक आणि संयम यांच्याविषयी गेल्या काही दशकांत जे मोजले गेले, ते पाहिले की ती टिकत नाही.

२० कॅलरींची तफावत

दिवसाला २,००० कॅलरी खाणारा माणूस वर्षाला ७ लाख ३० हजार कॅलरी खातो. दहा वर्षांत ७३ लाख. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आता खाणे आणि खर्च यांत रोज फक्त एक टक्क्याची तफावत राहिली असे धरू. म्हणजे २० कॅलरी, एक चमचा साखर. वर्षाअखेर ७,३०० कॅलरी शिल्लक पडतील, जवळपास एक किलो चरबी. प्रत्यक्षात वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो आणि ही वाढ पुढे मंदावते. तरीही पुष्कळांचे वजन वर्षानुवर्षे काही किलोंच्या पट्ट्यातच फिरत राहते, हे नवलच आहे. इतका बारीक हिशेब कोणी जाणीवपूर्वक ठेवत नाही आणि ठेवू म्हटले तरी जमणार नाही, कारण पाकिटावर छापलेला कॅलरींचा आकडासुद्धा इतका अचूक नसतो.

हा हिशेब मेंदू आपल्या नकळत ठेवतो. ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने २००९ मध्ये केलेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्यातल्या जोडण्यांचा अंदाज १०० लाख कोटींच्या घरात जातो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करते त्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा एकटा वापरतो. अन्नाचा हिशेब सर्वांत जास्त निकडीचा त्यालाच आहे. जठर आणि आतड्यांच्या भिंतींमध्ये आणखी १० कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस चेतेतले सुमारे ८० टक्के तंतू आतल्या अवयवांकडून मेंदूकडे खबर नेतात, हुकूम खाली आणणारे तंतू त्या मानाने थोडे. पोटाचे म्हणणे मेंदूला सतत ऐकावे लागते.

या साखळीतला एक दुवा निसटला तर काय होते? १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या लेप्टिनचे जनुक सापडले. साठा पुरेसा आहे, हे लेप्टिन मेंदूला कळवते. तीनच वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांनी जन्मतः लेप्टिन तयार न होणाऱ्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. पुढे तिला लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाली आणि वर्षभरात वजन १६ किलोंनी उतरले. भूक सोसण्याची ताकद तिने कुठून मिळवली नव्हती. तिला एक हरवलेला रेणू मिळाला आणि ती अनावर भूकच ओसरली.

१९५ मिलिसेकंद

मग आत्मसंयम म्हणून काही नसतेच का? असतो, आणि तो मेंदूत पाहताही येतो. २००९ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टॉड हेअर, कॉलिन कॅमरर आणि अँटोनियो रँगेल यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या ३७ जणांना एमआरआय यंत्रात ठेवून पदार्थ निवडायला लावले. कपाळामागच्या खालच्या मधल्या भागात पदार्थाची किंमत ठरते: हा मला किती हवा? चविष्ट पण अपायकारक पदार्थ ज्यांनी नाकारला, त्यांच्या मेंदूत कपाळामागचा वरचा, बाजूचा भाग कामाला लागून या किमतीवर प्रभाव टाकत होता. ज्यांना नाकारणे जमले नाही, त्यांच्यात हा प्रभाव कमी दिसला.

रँगेल यांच्या गटाने २०१५ मध्ये दोन पदार्थांतून निवड करताना लोकांचा संगणकाचा माउस कसा वळतो, ते क्षणाक्षणाला नोंदवले. पदार्थाची चव निर्णयावर परिणाम करू लागते, त्यानंतर सरासरी १९५ मिलिसेकंदांनी त्याचा आरोग्याशी असलेला संबंध परिणाम करू लागतो. सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा, पण निवड तेवढ्यात एका बाजूला झुकलेली असते. ज्यांच्यात ही दरी लहान, त्यांना संयम सोपा गेला. शहाणपण सर्वांकडेच असते, ते काहींच्या बाबतीत उशिरा पोहोचते.

इच्छाशक्तीचा साठा असतो आणि तो वापरला की संपतो, ही कल्पना १९९८ पासून फार लोकप्रिय होती. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी २,१४१ लोकांवर ती तपासणारा एक प्रयोग एकाच पद्धतीने करून पाहिला. परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ज्या इच्छाशक्तीच्या नावाने आपण आजारी माणसाला बोल लावतो, तिचे स्वरूप मानसशास्त्रालाही अजून नीट पकडता आलेले नाही.

दीड-दोन लाखांत एक

हवेसे वाटणे आणि हात पुढे जाणे यांच्यामध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे काम असते. मेंदूच्या मध्यभागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी सुमारे ४ ते ६ लाख. ८,६०० कोटींच्या हिशेबात साधारण दीड-दोन लाख पेशींमागे एक. पण अशी एकेक पेशी अंदाजे १० ते २४ लाख जोडण्या करते, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांचे गणित आहे. इतक्या थोड्या पेशींचा शब्द इतक्या दूरवर पोहोचतो तो यामुळे.

या व्यवस्थेला बाहेरून धक्का लागला की काय घडते, ते पार्किन्सनच्या रुग्णांनी दाखवून दिले. या आजारात डोपामिनच्या पेशी मरतात, म्हणून डोपामिनसारखे काम करणारी औषधे देतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १३.६ टक्के रुग्णांमध्ये जुगार, खरेदी, लैंगिक वर्तन किंवा खाणे यांपैकी कशावर तरी ताबा राहिलेला नव्हता. ४.३ टक्के रुग्णांना बकाबका खाण्याचे झटके येत होते. प्रामिपेक्सोलसारखी औषधे घेणाऱ्यांत ताबा सुटल्याचे प्रमाण १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. आयुष्यभर हात राखून जगलेली ही वयस्क माणसे. गोळी बदलली तेव्हा त्यांचा स्वभाव बदलल्यासारखा दिसला, आणि गोळी कमी किंवा बंद केल्यावर पुष्कळांचा ताबा परत आला.

३६ तरुण, २४ आठवडे

खाणे आणि मन यांचा संबंध दुसऱ्या बाजूनेही चालतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमार होती, आणि उपाशी माणसाला पुन्हा खाते कसे करायचे हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी त्यासाठी ३६ तरुण निवडले. युद्धाला नैतिक विरोध असल्याने शस्त्र न धरलेले, शरीराने आणि मनाने धडधाकट असे ते स्वयंसेवक होते. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास अन्न दिले आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

त्यांच्या मनाचे जे झाले, ते आजही वाचवत नाही. ध्यानीमनी फक्त अन्न. पाककृतींची पुस्तके जमवायची, ताटातले अन्न चघळत तासभर बसायचे, कोणाशी बोलायचे नाही. खिन्नता, चिडचिड, भीती. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडून घेतली. पोटभर जेवण पुन्हा मिळू लागल्यावर काही जण पोट दुखेपर्यंत खात आणि तरी भूक शमत नसे. काहींचे हे महिनोन् महिने चालले. ही सारी लक्षणे आज खाण्याच्या विकारांच्या दवाखान्यात दिसतात. १९५० साली या प्रयोगाचा अहवाल दोन खंडांत, १,३०० हून अधिक पानांचा, प्रसिद्ध झाला. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करलेल्या या तरुणांकडे मनोबल कमी होते, असे कोण म्हणेल?

५५ लाख पेशी, एक ठिपका

अॅनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार संयमाच्या कल्पनेलाच उलटे करतो. हाडांचा सापळा झालेली मुलगी घास नाकारते, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की हिचा स्वतःवर केवढा ताबा! कोलंबिया विद्यापीठातल्या कारिन फोर्डे, जोअॅना स्टाइनग्लास आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अॅनोरेक्सियाच्या २१ रुग्ण स्त्रिया आणि २१ निरोगी स्त्रिया यांना पदार्थ निवडायला देऊन त्यांचे मेंदू पाहिले. रुग्णांच्या निवडीत मेंदूच्या आतला डॉर्सल स्ट्रायटम हा भाग जास्त गुंतलेला दिसला. हा भाग सवयींचा. त्याचा आणि कपाळामागच्या भागाचा परस्परसंबंध दुसऱ्या दिवशी त्या स्त्रियांनी प्रत्यक्ष किती खाल्ले याच्याशी जुळत होता. बाहेरून निग्रह दिसणारी गोष्ट आत एक घट्ट बसलेली सवय असू शकते, आणि सवयीला उपदेश ऐकू येत नाही.

पण अशा चित्रांकडे पाहताना मापही लक्षात ठेवायला हवे. मेंदूच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे काय, ते निकोस लोगोथेटिस यांनी २००८ मध्ये मांडले होते. ५५ घनमिलिमीटरच्या एका ठिपक्यात सुमारे ५५ लाख चेतापेशी, २,२०० ते ५,५०० कोटी जोडण्या आणि २२० किलोमीटर लांबीचे तंतू असतात. पुण्याहून कोल्हापूर जवळजवळ गाठता येईल एवढी लांबी, डाळिंबाच्या एका दाण्याहूनही लहान जागेत. यंत्र पेशींची कुजबुज थेट ऐकत नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपते, आणि तो चार ते सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. शिवाय मेंदूतले फरक आणि माणसामाणसांच्या वागण्यातले फरक यांची खात्रीशीर सांगड घालायला हजारो माणसे लागतात, हे सुमारे ५०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ मधल्या अभ्यासाने दाखवले. अशा अभ्यासांत एरवी जेमतेम पंचवीसेक माणसे असतात.

म्हणून मोठ्या अभ्यासांचे महत्त्व. २२ केंद्रांनी एकत्र येऊन १,६४८ मुली आणि स्त्रियांचे मेंदू मोजले, त्यांतल्या ६८५ अॅनोरेक्सियाच्या रुग्ण. मेंदूच्या जाडीत आणि आकारमानात दिसलेली घट इतर मनोविकारांत आढळणाऱ्या घटीपेक्षा दोन ते चार पट मोठी होती. ज्यांचे वजन सावरू लागले होते, त्यांच्यात ती बरीच कमी होती. २०१९ मध्ये १६,९९२ रुग्ण आणि ५५,५२५ इतर लोक यांच्या जनुकांची तुलना झाली. आजाराशी जोडलेली आठ ठिकाणे सापडली, आणि त्याचे नाते इतर मनोविकारांबरोबरच शरीराच्या चयापचयाशीही निघाले. ज्या आजाराला 'नखरे' म्हटले गेले, त्याची मुळे रक्तामांसात आहेत. या आजारात दर वर्षी हजार रुग्णांमागे पाच जण दगावतात. त्या वयाच्या इतरांच्या तुलनेत हा दर जवळजवळ सहापट आहे, आणि अशा पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येचा असतो.

साडेआठ किलो

आता त्या 'तोंड आवर' ऐकणाऱ्या मुलाकडे येऊ. २००९ मध्ये अमेरिकेत ४ ते १९ वर्षांच्या २७२ मुलामुलींची पाहणी झाली. भ्रम, भास किंवा टोकाची चिडचिड यांसाठीची औषधे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झाली होती. साधारण ११ आठवड्यांत ओलँझापिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी ८.५ किलोंनी वाढले, क्वेटियापिनवर ६.१, रिस्पेरिडोनवर ५.३ आणि अॅरिपिप्रॅझोलवर ४.४ किलोंनी. औषध न घेतलेल्या लहानशा गटात वाढ होती ०.२ किलो.

साडेआठ किलो वाढ सगळी चरबीची धरली, तर मघाच्या हिशेबाने रोजची तफावत ८५० कॅलरींच्या आसपास जाते. पाणी आणि वाढीचे वय यांची वजावट केली तरी रोज कित्येक शे कॅलरी उरतात. वर्षाला किलोभर वजन चढवायला २० कॅलरींची तफावत पुरत होती. ओलँझापिन हिस्टामिन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनांचे काही ग्राहक, म्हणजे त्यांचे निरोप घेणारे पेशींवरचे रेणू, अडवते. पोट भरले, आता पुरे, हा निरोप ज्या वाटांनी जातो त्यांतल्या काही वाटा याच ग्राहकांच्या आहेत. मुलगा जेवून उठतो आणि तासाभरात त्याला खरीच भूक लागते. तो खोटे बोलत नसतो.

याचा परिणाम आयुष्याच्या लांबीवर दिसतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांचे आयुष्य सरासरी १४.५ वर्षांनी कमी भरते, असे २०१७ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाले, आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा आहे. मग औषधच सोडावे का? फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६२,२५० रुग्णांचा २० वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. औषध न घेण्याच्या काळाचा मृत्युदर ४६.२ टक्के भरला, औषधाच्या काळाचा २५.७ टक्के. गोळी वजन वाढवते आणि गोळीच जीव राखते. ही ओढाताण रुग्णाच्या वाट्याला येते, आणि ती कमी करणे हे डॉक्टरांचे आणि घरच्यांचे काम आहे.

साडेपाच कोटी माणसे

२०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी लोकांना कोणता ना कोणता मनोविकार होता, म्हणजे आठांतल्या एकाला. अॅनोरेक्सिया आणि बुलिमिया (बकाबका खाऊन मग ते उलटून टाकण्याचा विकार) यांचे रुग्ण सुमारे १ कोटी ४० लाख, त्यांत ३० लाखांच्या आसपास मुले आणि किशोरवयीन. हा नेहमीचा आकडा. पण त्यात बकाबका खाण्याचा विकार, ज्याला बिंज ईटिंग म्हणतात, आणि खाण्याचे इतर विकार धरलेलेच नव्हते. ते धरल्यावर, २०२१ मधल्या अंदाजानुसार, संख्या साडेपाच कोटींवर गेली. सुमारे चार कोटी माणसे मोजणीतून सुटली होती. बिंज ईटिंगसाठी अमेरिकेत औषधाला पहिली मान्यता मिळाली तीसुद्धा २०१५ मध्ये.

भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे दिसले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. जे उपचारापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांच्या वाट्याला उपदेश येतो.

या सगळ्या आकड्यांतून माणूस हतबल आहे असा अर्थ मी काढत नाही. वजन सावरले की मेंदू सावरतो, लेप्टिन मिळाले की भूक ओसरते, औषध बदलले की ताबा परत येतो. सवयींवर काम करणारे मानसोपचार बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये उपयोगी पडतात. मेटफॉर्मिनसारख्या स्वस्त गोळीने मनोविकारांच्या औषधांमुळे चढणारे वजन काही प्रमाणात रोखता येते, असे चाचण्यांत दिसले आहे. हे सर्व उपाय आजाराला आजार मानल्यानंतर सुचलेले आहेत.

घरात कोणाला असे औषध सुरू झाले असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नका. पहिल्याच भेटीत वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी यांची नोंद करायला सांगा, आणि दर भेटीला ती पुन्हा मागा. वजन झपाट्याने चढत असेल तर दुसरे औषध किंवा जोडीची गोळी चालेल का, हे स्पष्ट विचारा. कोणी जेवण टाळत असेल, लपूनछपून खात असेल किंवा खाल्लेले उलटून टाकत असेल, तर वजन फार उतरण्याची वाट पाहू नका. कोणाला विचारावे हे कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि ताटावर बसलेल्या त्या माणसाला संयमाचे धडे देऊ नका. आपल्यापेक्षा कितीतरी पट जोराच्या भुकेशी किंवा भीतीशी तो रोज झुंजतो आहे, आणि त्या झुंजीत त्याला आपली साथ हवी आहे.